घरी बांधलेल्या सेव्हनला शॉक आणि स्प्रिंग निवडताना

घरी स्पोर्ट्स कार बांधायला घेतलेला माणूस चार कॉइल-ओव्हर शॉक (ज्यांच्याभोवतीच स्प्रिंग बसवलेली असते असे शॉक ॲब्सॉर्बर) फार लवकर विकत घेतो. चॅसिस अजून अर्धीच वेल्ड झालेली असते, इंजिन कुठल्या जुन्या गाडीतून काढायचं हे ठरायचं असतं, गाडीचं वजन किती भरेल याचा पत्ता नसतो. पण लाल स्प्रिंगांचे चार नवेकोरे शॉक गॅरेजच्या फळीवर येऊन बसलेले असतात. पुढे गाडी रस्त्यावर येते तेव्हा प्रत्येक खड्ड्याला मणके मोजून होतात, नाहीतर ब्रेक मारला की नाक जमिनीला टेकतं. शॉक चांगलाच असतो, फक्त तो दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीसाठी बनलेला असतो.

म्हणून हे सगळं खरेदीच्या आधी वाचा. गणित शाळेतलंच आहे. त्यात घालायचे आकडे मात्र तुमच्याच गाडीवरून मोजून आलेले हवेत, कोणाच्या सांगीवांगीवरून आलेले नकोत.

उदाहरणाला मी सेव्हन घेतोय, कारण ब्रिटनमध्ये घरगुती बांधणीत हीच जात सर्वांत रुळलेली आहे. कॉलिन चॅपमनच्या लोटस कंपनीने ही गाडी १९५७ मध्ये आणली, १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले, आणि तिच्या साच्यावर आजही असंख्य लोक आपापल्या गॅरेजात चौकोनी पाइप कापत बसलेले असतात. स्वस्तातल्या बांधणीला तिथे 'लोकॉस्ट' म्हणतात. पाइपांची चौकट, पुढे दुहेरी विशबोन (प्रत्येक चाकाला धरणाऱ्या वरखालच्या दोन त्रिकोणी भुजा), बाहेर उघडी चाकं, दोन सीट आणि छप्पर असलंच तर नावापुरतं. जुन्या लोकॉस्टमध्ये मागे फोर्ड एस्कॉर्टचा अखंड लाइव्ह ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध आस) आणि पुढे कॉर्टिनाचे अपराइट, म्हणजे चाक धरणारे उभे भाग, असायचे. ते भाग आता दुर्मिळ आणि महाग झाल्यामुळे बरेच जण सिएरा किंवा मज़्दा एमएक्स-५ मोडून मागेही स्वतंत्र सस्पेन्शन लावतात. आपण जुनीच रचना धरू, कारण तिच्यात पुढच्या आणि मागच्या हिशेबातला फरक नीट दिसतो.

पहिली पायरी: वजन

गाडी उभी असेल तर चारही चाकांखालचं वजन वेगवेगळं मोजा. मोटरस्पोर्टचे खास काटे भाड्याने मिळाले तर उत्तम. न मिळाले तर न्हाणीघरातले चार-पाच साधे वजनकाटे पुरतात. मात्र एका चाकावर दीडशे किलोंच्या वर भार येऊ शकतो आणि पुष्कळ घरगुती काटे दीडशेलाच हात टेकतात. अशा वेळी दोन काट्यांवर एक जाड फळी आडवी टाकायची, चाक फळीच्या मधोमध ठेवायचं, दोन्ही आकडे मिळवायचे आणि फळीचं वजन वजा करायचं. बाकीच्या तीन चाकांखाली तेवढ्याच उंचीच्या प्लायवूडच्या चकत्या हव्यात, नाहीतर गाडी तिरकी होऊन आकडे खोटे येतात. टाकी अर्धी भरलेली आणि चालवणारा माणूस सीटवर बसलेला, ही मोजणीची स्थिती. माणूस मिळत नसेल तर तेवढ्या वजनाची वाळूची पोती सीटवर ठेवा, पण मोकळ्या सीटने मोजू नका.

यात एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. बाराशे किलोंच्या घरगुती हॅचबॅकमध्ये मिळून दीडशे किलोंची दोन माणसं बसली तर तिच्या वजनात साडेबारा टक्के भर पडते. साडेपाचशे किलोंच्या सेव्हनमध्ये तीच दोन माणसं सत्तावीस टक्के होतात. हलक्या गाडीत चालकही सुटा भाग म्हणूनच धरावा लागतो.

गाडी अजून उभीच नसेल तर तुमच्याच इंजिनाची, तुमच्यासारख्याच ॲक्सलची बांधून झालेली गाडी शोधा आणि तिचं वजन विचारा. किट विकणाऱ्याच्या माहितीपत्रकातला आकडा घेऊ नका. तो बहुधा कोरड्या, म्हणजे पेट्रोल-तेल-पाणी न भरलेल्या गाडीचा असतो, आणि कोरडी गाडी कोणी चालवत नाही.

आपल्या उदाहरणातली गाडी चालकासकट ६५० किलो धरू. पुढच्या ॲक्सलवर ३१०, मागे ३४०. म्हणजे पुढच्या एका चाकावर १५५ आणि मागच्या एका चाकावर १७० किलो.

हे सगळं वजन स्प्रिंगवर नसतं. चाक, टायर, ब्रेक, अपराइट आणि विशबोनचा जवळजवळ अर्धा भाग स्प्रिंगच्या खाली, रस्त्याच्या बाजूला असतो. हे भाग काट्यावर टाकून पाहा. कॉर्टिनाचा लोखंडी अपराइट हातात घेतला की तो किती जड आहे ते कळतं. पुढे एका बाजूला ३० किलो धरले तर स्प्रिंगवर उरतात १२५. मागे अखंड ॲक्सल चाकांबरोबर वरखाली होतो, म्हणून तिथे एका बाजूला ५० किलो धरू. उरतात १२०. म्हणजे मागचं चाक पुढच्यापेक्षा जड भरलं, तरी स्प्रिंगवरचा भार मागेच थोडा कमी आहे. एकूण वजनावर स्प्रिंग निवडणारा माणूस इथेच फसतो.

दुसरी पायरी: मोशन रेशो

चाक ५० मिमी वर गेलं की शॉक किती दबतो? त्या दोन आकड्यांच्या भागाकाराला मोशन रेशो म्हणतात. सेव्हनच्या पुढच्या बाजूला शॉक तिरका असतो आणि खालच्या विशबोनवर चाकाच्या बराच अलीकडे बसतो, म्हणून तो चाकापेक्षा कमी दबतो.

हा आकडा कागदावर काढत बसण्यापेक्षा मोजा. शॉकच्या जागी दोन्ही बोल्टांमध्ये सरकणारी पट्टी किंवा स्प्रिंग काढलेला जुना शॉक लावा. चॅसिस स्टँडवर पक्की ठेवा आणि चाकाखाली छोटा जॅक लावा. गाडीच्या ठरलेल्या उंचीपासून चाक १० मिमीच्या टप्प्यांनी वर न्या, मग खाली आणा. प्रत्येक टप्प्याला दोन बोल्टांच्या मध्यांतलं अंतर लिहून ठेवा. दहा-बारा ओळींचा तक्ता होतो आणि तो गाडी असेपर्यंत कामाला येतो.

समजा चाक ५० मिमी वर गेलं तेव्हा शॉक ३० मिमी दबला. मोशन रेशो ०.६.

तक्त्यावर आणखी एकदा नजर टाका. शॉक फार आडवा बसवला असेल तर चाक जसजसं वर जातं तसतसा तो आणखी आडवा होतो आणि हा आकडा उतरत जातो. म्हणजे खड्ड्यात, नेमकं जिथे स्प्रिंग कडक हवी तिथे, सस्पेन्शन मऊ पडतं. उभ्या रेषेपासून तिशी-पस्तिशीच्या पुढे कोन जाऊ लागला की ब्रॅकेटची जागाच बदला. स्प्रिंग कडक करून हा दोष झाकायला जाऊ नका.

आणि कोनाची दुरुस्ती दोनदा करू नका. काही तक्त्यांत तिरक्या शॉकसाठी वेगळा गुणक दिलेला असतो. तुम्ही प्रत्यक्ष दबणं मोजलं असेल तर कोन त्यात आलेलाच आहे. पुन्हा गुणलंत तर स्प्रिंग विनाकारण कडक येईल.

मागच्या लाइव्ह ॲक्सलवर शॉक जवळजवळ उभा असतो. दोन्ही चाकं एकदम वर जातात तेव्हा मोशन रेशो एकाच्या जवळ येतो, आपण ०.९५ धरू. वळणावर मात्र चित्र पालटतं. दोन्ही स्प्रिंगांमधलं अंतर चाकांमधल्या अंतरापेक्षा कमी असतं. समजा चाकांमध्ये १३०० मिमी आणि स्प्रिंगांमध्ये १००० मिमी. गाडी बाजूला कलते तेव्हा चाकापाशी या स्प्रिंगचा जेमतेम ५९ टक्के जोर जाणवतो. लाइव्ह ॲक्सलच्या गाडीचं कलणं बरंचसं पुढची बाजूच रोखून धरते. म्हणून पहिल्या दिवशीच पुढे जाडजूड अँटी-रोल बार (गाडीचं कलणं रोखणारी आडवी दांडी) लावू नका. गाडी चालवून पाहा, मग ठरवा.

तिसरी पायरी: स्प्रिंगचा कडकपणा

स्प्रिंग किती कडक घ्यायची हा प्रश्न पाउंडात, म्हणजे एक इंच दाबायला किती पाउंड जोर लागतो या मापात, विचारला की गोंधळ होतो. तो गाडी सेकंदाला किती वेळा वरखाली होईल, असा विचारायचा. याला गाडीची वारंवारता म्हणू. शहरात फिरणाऱ्या आरामशीर गाडीची वारंवारता एक हर्ट्झच्या थोडी वर असते. रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारला दीड ते पावणेदोन हर्ट्झ चांगली. फक्त ट्रॅकवर जाणारी, हवेच्या दाबाने गाडीला खाली रेटणारे पंख नसलेली गाडी दोनच्या आसपास. त्याच्या वर गेलात तर ट्रॅकही गुळगुळीत हवा आणि मालकही तरुण हवा.

पुढे १.६ आणि मागे १.७५ हर्ट्झ धरू. मागचा आकडा मुद्दाम वर ठेवलाय. उंचवटा आधी पुढच्या चाकाखाली येतो, क्षणभराने मागच्या. मागची बाजू थोडी जलद हलली तर ती पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी डोलकाठीसारखी पुढेमागे झुलत राहत नाही. १९३० च्या दशकात मॉरिस ओली या अभियंत्याने रोल्स-रॉइसहून जनरल मोटर्सकडे गेल्यावर हे सविस्तर अभ्यासलं. आजही रस्त्यावरच्या गाड्यांना ते लागू पडतं. ट्रॅकवर लोक उलटंही करतात, पण तो पुढचा अभ्यास झाला.

सूत्र असं: चाकापाशी हवा असलेला कडकपणा = स्प्रिंगवरचं वजन × (६.२८ × वारंवारता) चा वर्ग.

पुढे: ६.२८ × १.६ = १०.०५. वर्ग १०१. त्याला १२५ ने गुणलं की १२,६०० न्यूटन प्रति मीटर, म्हणजे १२.६ न्यूटन प्रति मिमी. हा चाकापाशीचा आकडा. स्प्रिंगचा काढायला मोशन रेशोच्या वर्गाने भागायचं. ०.६ चा वर्ग ०.३६. उत्तर ३५ न्यूटन प्रति मिमी. ब्रिटिश दुकानं अजूनही पाउंड प्रति इंच बोलतात. एक पाउंड प्रति इंच म्हणजे ०.१७५ न्यूटन प्रति मिमी. तेव्हा पुढे २०० पाउंडांची स्प्रिंग.

भागायचं वर्गाने, हे ठसवून घ्या. तरफेमुळे जोर कमी पोचतो आणि दबणंही कमी होतं, म्हणून तोच गुणक दोनदा लागतो. एकदाच भागलंत तर १२० पाउंडांची स्प्रिंग घरी येईल आणि गाडी बसून जाईल.

मागे: ६.२८ × १.७५ = ११. वर्ग १२१, गुणिले १२० म्हणजे १४.५ न्यूटन प्रति मिमी. ०.९५ चा वर्ग ०.९. उत्तर सुमारे १६, म्हणजे ९२ पाउंड. बाजारात मिळणारी जवळची स्प्रिंग १०० ची. ती लावली तर एकटा चालक असताना मागची वारंवारता १.८ च्या थोडी वर जाते. शेजारी कोणी बसलं आणि मागच्या प्रत्येक चाकावर २५ किलो वाढले की ती १.६६ वर येते. दोन्ही चालवून घेण्यासारखे आकडे आहेत. १०० च घ्या.

पुढे २०० आणि मागे १०० हे आकडे पाहून कोणी म्हणेल, मागची बाजू अर्धीच कडक का? कारण मोशन रेशो वेगळा. चाकापाशी पाहिलं तर मागची बाजूच जास्त कडक आहे. दुसऱ्याच्या गाडीचा स्प्रिंगचा आकडा आपल्या गाडीला लावता येत नाही तो याचमुळे. त्याचं ब्रॅकेट तुमच्यापेक्षा ३० मिमी आत असलं की सगळं फिरतं.

पाच-दहा पाउंडांसाठी झोप उडवू नका. वारंवारता कडकपणाच्या वर्गमुळाने बदलते. २०० ऐवजी १७५ ची स्प्रिंग लावलीत तरी १.६ ची १.५ होते, एवढंच. स्प्रिंग शॉकच्या मानाने स्वस्त असते. शंका असेल तर मऊ बाजूची आधी घ्या. पहिल्या उन्हाळ्यानंतर एक जोडी बदलावी लागेल असं धरून पैसे बाजूला ठेवलेले बरे.

चौथी पायरी: लांबी आणि प्रवास

आता कुठे शॉक पाहायला घ्यायचा, आणि त्याचं नाव वाचण्याआधी लांबी पाहायची. प्रत्येक शॉकचे दोन आकडे असतात: पूर्ण उघडा आणि पूर्ण मिटलेला, दोन्ही बोल्टांच्या मध्यांतून मोजलेले. समजा उघडा ३३०, मिटलेला २३०. प्रवास १०० मिमी. गाडी आपल्या उंचीवर उभी असताना शॉक ४० मिमीच्या आसपास दबलेला असावा. म्हणजे त्या वेळी बोल्टांमधलं अंतर २९० यायला हवं. तुमच्या दुसऱ्या पायरीच्या तक्त्यात गाडीच्या ठरलेल्या उंचीला किती अंतर लिहिलंय? ते २९० च्या जवळपास नसेल तर तो शॉक तुमचा नाही. दुसरी लांबी मागा किंवा ब्रॅकेट हलवा. स्प्रिंगच्या टोकाला शॉकवर असलेल्या आट्यांच्या कड्या फिरवून ही तफावत भरून काढायला गेलात तर प्रवासाचं एक टोक तुम्ही आधीच खाऊन टाकलेलं असतं.

उरलेले ६० मिमी वरच्या दिशेला. ०.६ च्या हिशेबाने चाक १०० मिमी वर जाऊ शकतं. सेव्हनच्या पोटाखाली जमिनीपासून तेवढीच जागा असते, कधी त्याहून कमी. तेव्हा शेवटच्या २०-२५ मिमीत बम्प स्टॉप भरायलाच हवा. दांड्यावर बसणारा फोमसारख्या पॉलियुरेथेनचा चांगला बम्प स्टॉप फार महाग नसतो, तरी तो विसरला जातो. मग लोखंड लोखंडावर आदळतं आणि पहिल्यांदा शॉकच्या तळाचा वेल्ड तुटतो.

पूर्ण उघड्या स्थितीतही एकदा पाहून घ्या. चाकं लोंबकळत असताना ब्रेकचा होज ताणला जातोय का, मागचा प्रोपेलर शाफ्ट चॅसिसच्या बोगद्याला लागतोय का, विशबोनला अपराइटशी जोडणारा बॉल जॉइंट आपल्या कोनाच्या टोकाला अडकतोय का. यातलं काहीही होत असेल तर प्रवास आधी शॉकने थांबायला हवा. बॉल जॉइंटने तो थांबवणं धोक्याचं आहे.

स्प्रिंगची लांबी

पुढच्या स्प्रिंगवर येणारा जोर: १२५ × ९.८१ ÷ ०.६ = २,०४४ न्यूटन. ३५ ने भागा. गाडी उभी असताना स्प्रिंग ५८ मिमी दबलेली असणार. शॉक मात्र ४० मिमीच दबलाय. म्हणजे उरलेले १८ मिमी शॉक पूर्ण उघडा असतानाही स्प्रिंग दाबून ठेवावी लागेल. हा प्रीलोड.

प्रीलोडबद्दल एक जुनी समजूत आहे की कडी घट्ट फिरवली की स्प्रिंग कडक होते. सरळ गुंडाळीच्या स्प्रिंगच्या बाबतीत असं होत नाही. ३५ ची स्प्रिंग ३५ चीच राहते, गाडी फक्त उंच होते. उंची वाढली की खालच्या दिशेचा प्रवास कमी होतो, चाक रस्त्याच्या उतारामागे जात नाही, आणि तो फरक लोकांना 'कडक' वाटतो.

शॉक पूर्ण मिटला तर स्प्रिंग एकूण ११८ मिमी दबेल. तिच्या गुंडाळ्या त्याआधीच एकमेकींना टेकता कामा नयेत. आठ इंची, म्हणजे २०३ मिमीची स्प्रिंग या जोरात एवढी दबणं कठीण. दहा इंची बहुधा दबते, पण अंदाजावर जाऊ नका. चांगला स्प्रिंगवाला प्रत्येक स्प्रिंगपुढे तिची गुंडाळ्या टेकण्याची लांबी छापतो. मोकळ्या लांबीतून ती वजा करा आणि १३० मिमीच्या आसपास काही उरतंय का ते पाहा.

आतला व्यास शॉकला जुळायला हवा. ब्रिटिश किट कारच्या हलक्या शॉकना १.९ इंची स्प्रिंग बरेचदा लागते, तर रेसिंगच्या बाजूला २.२५ आणि २.५ इंची जास्त चालतात. मोठ्या व्यासाचा फायदा असा की जगभर तिचे आकडे आणि लांब्या भरपूर मिळतात. तोटा असा की सेव्हनच्या वरच्या विशबोनमधून ती मोठी स्प्रिंग घासल्याशिवाय जात नाही. आधी त्या व्यासाचा पुठ्ठ्याचा नळा जागेवर धरून पाहा आणि चाक टोकापासून टोकापर्यंत हलवा.

पाचवी पायरी: शॉकचं आतलं काम

स्प्रिंग गाडी पेलते आणि शॉक तिचं हलणं शमवतो. शमवणं किती हवं यालाही आकडा आहे. गाडी एकदाही उलट न झुलता जागेवर येईल अशा सीमेला क्रांतिक अवमंदन म्हणतात. ते २ × √(कडकपणा × वजन) इतकं. आपल्या पुढच्या चाकाला: २ × √(१२,६०० × १२५), म्हणजे सुमारे २,५०० न्यूटन-सेकंद प्रति मीटर. रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारला साधारण त्याच्या अर्ध्यावर सुरुवात करावी. अर्धं १,२५०. ते चाकापाशीचं असल्याने पुन्हा ०.३६ ने भागायचं: सुमारे ३,५००. म्हणजे शॉक सेकंदाला ०.१ मीटर वेगाने हलत असेल तेव्हा ३५० न्यूटनांच्या आसपास जोर यायला हवा. हा सरासरीचा आकडा. उघडताना, म्हणजे रिबाउंडला, दाबतानापेक्षा साधारण दुप्पट देण्याची पद्धत आहे. तेव्हा रिबाउंड ४६० आणि बम्प २३० च्या जवळ.

विक्रेत्याकडे या शॉकचा डायनोवरचा, म्हणजे शॉक तपासण्याच्या यंत्रावरचा आलेख मागा. वेगापुढे जोर दाखवणारा. त्यात ०.१ च्या रेषेवर तुमचे आकडे आहेत का, आणि शमवणं कमीजास्त करणारा शॉकवरचा नॉब फिरवल्यावर ते दोन्ही बाजूंना सरकतात का, एवढंच पाहायचं. ब्रिटनमध्ये गॅझ, प्रोटेक, एव्हीओ, नायट्रॉन अशी मंडळी हलक्या गाड्यांसाठी शॉक बनवतात, बिलस्टीन आणि ओलिन्स वरच्या किमतीला आहेत. मी कुठल्या एकाचं नाव सुचवणार नाही. वजन, मोशन रेशो आणि वारंवारता सांगितल्यावर जो माणूस फोनवर पुढचे प्रश्न विचारतो, त्याच्याकडून घ्या. जो फक्त 'सेव्हन ना? हा घ्या' म्हणतो, त्याला नमस्कार करून पुढे जा.

एका नॉबचा शॉक पहिल्या गाडीला पुरतो. तो बहुधा रिबाउंड जास्त आणि बम्प थोडा बदलतो. चार नॉबांचे शॉक घेतलेले बरेच जण ते एकदा मधोमध ठेवतात आणि पुन्हा हात लावत नाहीत.

दुहेरी नळीचा की एका नळीचा? दुहेरी स्वस्त, थोडा बारीकसारीक मार सोसणारा, पण तो उलटा लावता येत नाही आणि फार आडवाही चालत नाही. एका नळीच्या शॉकमध्ये दाबाखालचा वायू असतो, तो कसाही बसतो. हलक्या गाडीत एक बारीक गोष्ट धरावी लागते: १२ मिमीच्या दांड्यावर १५ बार दाब असेल तर तो दांडा १७० न्यूटनांनी बाहेर ढकलला जातो. आपल्या ३५ च्या स्प्रिंगवर ते ५ मिमी, चाकापाशी ८ मिमी. दीड टनी गाडीत हे कोणाच्या गावीही नसतं.

जुन्या गाडीचेच शॉक वापरले तर? जिच्यातून भाग काढले ती गाडी तुमच्या गाडीच्या दीड ते दोन पट वजनाची होती. तिचे शॉक तुमच्या गाडीला सिमेंटात रोवलेल्या खांबासारखे वाटतील. मोटरसायकलचे मागचे शॉक स्वस्तात मिळतात आणि दिसतातही छान, पण त्यांचा प्रवास ५०-७० मिमीचा, स्प्रिंग आपल्या दुपटीहून कडक, आणि आतली रचना त्या मोटरसायकलच्या लिंकेजला धरून केलेली. पुशरोड आणि रॉकर (चाकाची हालचाल शॉकपर्यंत नेणारी दांडी आणि तरफ) लावून मोशन रेशो स्वतः ठरवणार असाल तर गोष्ट वेगळी.

तशी वाट फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांच्या रेसिंग कार बांधण्याच्या स्पर्धेतल्या गाड्यांमध्ये दिसते. भारतात घरी बांधलेली गाडी रस्त्यासाठी नोंदवण्याची ब्रिटनसारखी सरळ वाट नाही, पण पुणे-मुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुलं फॉर्म्युला भारत या तशाच स्पर्धेसाठी दरवर्षी हेच गणित करतात. त्यांच्या गाड्या याच्या निम्म्याहून हलक्या, म्हणून त्यांना डोंगरी सायकलचे शॉकही पुरतात. नियमाने चाकाला किमान ५० मिमी प्रवास द्यावाच लागतो. वरची सूत्रं त्यांनाही जशीच्या तशी लागू आहेत, फक्त त्यांच्या गाडीत चालकाचं वजन आणखी मोठा वाटा उचलतं.

बसवताना

शॉकचा बोल्ट दोन्ही बाजूंनी पकडलेला हवा. एका पट्टीतून बाहेर आलेल्या बोल्टावर शॉक टांगला की पहिल्या मोठ्या खड्ड्यात बोल्ट वाकतो. ८.८ प्रतीचे बोल्ट, नायलॉन नट, आणि बोल्टाचा गुळगुळीत भाग बुशमध्ये, आटे नव्हे. रबर किंवा पॉलीचे बुश रस्त्याला ठीक. गोलाकार बेअरिंग अचूक असतात, पण उघड्या चाकांच्या गाडीत पावसाचं पाणी आणि खारट चिखल थेट त्यांच्यावर येतो.

ब्रिटनमध्ये २००९ पासून अशा गाड्यांना रस्त्यावर येण्याआधी आयव्हीए ही चाचणी लागते. सेव्हनचं पुढचं सस्पेन्शन उघडंच असल्यामुळे टोकदार कडांकडे परीक्षकाचं लक्ष असतं. बाहेर दिसणाऱ्या नट-बोल्टांवर प्लास्टिकच्या टोप्या घालून ठेवा.

काट्यावर परत

सगळं बसलं की टायरमधली हवा आधी ठीक करा. एवढ्या हलक्या गाडीला १८ पीएसआयच्या आसपास पुरते. ३० भरली तर टायरच दगड होतो आणि तुम्ही शॉकचा नॉब फिरवत बसता. मग कड्यांनी उंची लावा, चालक बसवा, आणि चारही काटे पुन्हा वाचा. पुढचं डावं अधिक मागचं उजवं ही बेरीज दुसऱ्या कर्णाच्या बेरजेएवढी यायला हवी. ६५० च्या गाडीत दोन्हीकडे ३२५. एका कोपऱ्याची कडी वर केली की त्या चाकावरचा आणि तिरक्या समोरच्या चाकावरचा भार वाढतो. म्हणून एका चाकाची कडी भरपूर फिरवण्यापेक्षा चारही थोड्या थोड्या फिरवा, म्हणजे उंची बिघडत नाही. अँटी-रोल बार असेल तर मोजणीपुरता सोडून ठेवा. डावं-उजवं वजन समान करण्याच्या मागे लागू नका. चालक एका बाजूला बसतो आणि कड्या फिरवून त्याचं वजन पलीकडे जात नाही.

नॉब सर्वांत मऊ टोकापासून तीन-चार टिचक्या पुढे ठेवून ओळखीच्या, थोड्या वाईट रस्त्यावर जा. बोनेट दाबून गाडी किती वेळा हलते हे पाहण्यात अर्थ नाही, त्यातून फक्त मेलेला शॉक ओळखू येतो. उंचवट्यानंतर गाडी तरंगत राहिली तर दोन टिचक्या वाढवा. एकापाठोपाठ एक खड्डे आले आणि प्रत्येक खड्ड्याला गाडी थोडी थोडी खाली बसत गेली, तर रिबाउंड जास्त झालाय, चाक खाली यायच्या आतच पुढचा खड्डा येतोय. दोन मागे घ्या. एका वेळी एकच ॲक्सल, आणि काय फिरवलं ते लिहून ठेवा.

नव्या स्प्रिंगा आणि बुश पहिल्या काही शे किलोमीटरांत थोडे बसतात. तेवढं चालवून झालं की उंची आणि कर्णांचे आकडे पुन्हा घ्या, कड्यांचे लॉकनट आवळा, शॉकच्या बोल्टांवर पाना फिरवा. कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो-इन (चाकांचं पुढून आत वळणं) यांसाठी अलाइनमेंटवाल्याकडे जायचं ते यानंतर. आधी गेलात तर उंची बदलल्यावर ते सगळं पुन्हा करावं लागतं आणि त्याचे पैसे दोनदा जातात.